खोड, कट्टा आणि कॅटमरान

आमच्या आजऱ्याकडे बैल घ्यायला गेलेला माणूस दात बघतो, वशिंडावरून हात फिरवतो आणि मग हळूच विचारतो, "खोड न्हाई न्हवं काय?" ही खोड स्त्रीलिंगी. औतात मधेच बसणं, लाथ झाडणं, कासऱ्याला हात लागला की उधळणं. झाडाचं खोड मात्र नपुंसकलिंगी. आंबोली उतरून मालवणला मित्रासाठी जुनी कॅटमरान बघायला गेलो, तेव्हा ही दोन्ही डोक्यात एकदमच आली. त्या नावात झाडच बसलेलं आहे.

मूळ शब्द तमिळ, 'कट्टुमरम'. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे झाड, लाकूड. गडहिंग्लजच्या बाजारात कानडी कानावर पडलेल्या माणसाला हा शब्द परका वाटू नये, कारण कानडीतही झाडाला 'मर' आणि बांधण्याला 'कट्टु'च म्हणतात. त्याच धातूपासून कानडी 'कट्टे' झालं आणि मराठीत तो आपला कट्टा झाला, संध्याकाळी गप्पा मारायचा. मोळी बांधतात आणि घरही बांधतात. मराठीप्रमाणे तिकडेही दोन्हीला एकच क्रियापद पुरतं. 

तमिळ किनाऱ्यावरचं कट्टुमरम म्हणजे दोरानं आवळलेले तीन-चार ओंडके. किनाऱ्याला लागलं की कोळी दोर सोडून ओंडके वाळत टाकायचे, कारण लाकूड पाणी पितं आणि जड होतं. विल्यम डँपियर या इंग्रज दर्यावर्दीनं १६९७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याची नोंद केली आणि शब्द इंग्रजीत गेला. पुढे गंमत झाली. दोन होड्या शेजारी ठेवून आडव्या दांड्यांनी जोडायची रीत पॅसिफिकमधल्या पॉलिनेशियन लोकांची, पण नाव चिकटलं तमिळ तराफ्याचं! नॅथनिएल हेरशॉफनं १८७६ साली असली जुळी होडी न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली; ती इतकी पळाली की तसल्या होड्यांना शर्यतीत बंदीच झाली. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी ऑल्टरनं १९६०च्या दशकाच्या अखेरीस वाळूवरून ढकलता येईल अशी छोटी शिडाची कॅटमरान काढली, तीच 'होबी'. गेटवेहून मांडव्याला नेणारी कॅटमरान ही त्याच नावाची थोरली बहीण. इंग्रजीतून फिरून आल्यामुळे आपण 'कॅ' म्हणतो. मालवणच्या वाळूत कट्टुमरम म्हटलं असतं तर विकणारा गोंधळला असता.

आता जुनी घ्यायची तर बघायचं काय? माझं मत असं की नावातच उत्तर आहे. जिथं बांधलंय तिथं बघा. सोळा फुटी होबीच्या प्रत्येक होडीतून दोन खुंट वर येतात आणि त्यांवर ॲल्युमिनियमची चौकट बसते. एक टोक धरून हलवावं. दुसरं टोक उशिरानं हललं तर सांधे ढिले. डोलकाठीच्या तारा जिथं होडीला अडकवतात तिथं भेगा, तारेचे तुटलेले धागे, सुकाणूची ढिली बिजागरी, उन्हानं कुजलेली मधल्या कापडाची शिवण, हे सगळं बांधणीचंच. शीड फाटलं तर नवं मिळतं, थोडं महाग पडतं एवढंच.

खरी खोड मात्र आत लपते. या होड्यांच्या भिंतीत फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये फोम असतो. थर सुटले की वरून चकचकीत आणि आतून पोकळ. म्हणून रुपयाचं नाणं घेऊन, विशेषतः खुंटांच्या आसपास, ठोकत जावं. सराफाच्या दुकानातही असंच चालायचं: चांदीचा खरा रुपया खणखणीत वाजायचा आणि खोटा 'बद्द' व्हायचा. फायबरलाही हीच कसोटी लागते. बद्द आवाजाच्या जागी अंगठा दाबल्यावर आत जात असेल तर रंगाकडे बघू नये. आम्ही बघत होतो ती होडी डाव्या पुढच्या खुंटापाशी वीतभर बद्द वाजली.

वजनही करून बघावं. सोळा फुटी होबी साधारण १४५ किलोची. चौघांना ती जड वाटू लागली तर आत पाणी आहे. तमिळ कोळी ओंडके सोडून वाळवत, पण फोमात मुरलेलं पाणी तसं सहज निघत नाही. विकणाऱ्यानं निम्म्या किमतीची तयारी दाखवली, तरी मित्रानं ती घेतली नाही.