वीतभर सांध्याचा इतिहास

समुद्राखालून मुंबईत आलेल्या तारेची कथा बहुधा ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजापासून सुरू होते. उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून पांढरे रंगवलेले हे जहाज १८७०च्या फेब्रुवारीत मुंबईहून एडनच्या दिशेने तार सोडत निघाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये लंडन-मुंबई संदेश समुद्रमार्गे जाऊ लागले. पण या यशाच्या आधीची दहा वर्षे अधिक बोलकी आहेत. तारेची लांबी आणि जहाजाचा आकार यांवर सारे अवलंबून नव्हते. ते अवलंबून होते जहाजावर घातलेल्या वीतभर सांध्यावर.

१८५७च्या उठावाने लंडनच्या सरकारला जलद बातमीची निकड पटवली. १८५९-६० साली सुएझहून एडनमार्गे कराचीपर्यंत तार टाकण्यात आली. तिचे लोखंडी कवच बारीक होते आणि तळाच्या उंचसखल खडकांवर ती ताणलेली राहिली. थोड्याच काळात ती ठिकठिकाणी तुटली. सरकारने मात्र कंपनीला पन्नास वर्षांची हमी दिलेली होती! तार मुकी झाली, तरी पैसे भरणे सुटले नाही.

पुढचा प्रयत्न इराणच्या आखातात झाला. कर्नल पॅट्रिक स्ट्युअर्ट प्रमुख, सर चार्ल्स ब्राइट अभियंते. इंग्लंडमध्ये तयार झालेली तार पाच शिडाच्या जहाजांत भरून मुंबईला आणली गेली. त्यांतली ‘ट्वीड’ आणि ‘असई’ ही दोन जहाजे मूळची मुंबईचीच. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत, सागवानात बांधलेल्या या हिंदी आरमाराच्या युद्धनौका. ‘ट्वीड’चे पहिले नाव ‘पंजाब’. आरमार मोडीत निघाल्यावर त्या विकल्या गेल्या, वाफेची यंत्रे काढून ‘ट्वीड’ला नुसत्या शिडांवर चालणारे केले गेले, आणि ज्या बंदरात ती जन्मली तिथेच ती पोटात तारेची वेटोळी घेऊन परतली. १८६४ साली आगबोटींनी ही जहाजे ओढत नेली आणि ग्वादर ते फाव अशी तार टाकली.

एका जहाजातली तार संपली, की तिचे टोक दुसऱ्या जहाजातल्या तारेला जोडायचे. तेही भर समुद्रात. आधी बाहेरचे ताग आणि लोखंडी तारा उलगडून मागे सारायच्या. आतल्या तांब्याची टोके तिरकी तासून एकमेकांवर बसवायची, डाख द्यायचा, वर बारीक तांब्याची तार गुंडाळायची. मग गटापर्चा. मलाया बेटांतल्या झाडांचा हा चीक गरम केला की मऊ होतो, थंड झाला की घट्ट. दिव्याच्या आचेवर दोन्हीकडचा गटापर्चा ओढून तांब्यावर आणायचा, मध्ये डांबर-राळेचा लेप, पुन्हा गटापर्चाचा थर. कारागिराचे हात स्वच्छ आणि कोरडे हवेत. घामाचा थेंब किंवा हवेचा बुडबुडा आत राहिला, तर पाण्याच्या दाबाखाली पुढे तिथूनच वीज गळणार.

उष्ण प्रदेशात याला दुसरा धोका जडला. गटापर्चा उन्हाने नरम पडला की आतले तांबे वजनाने एका बाजूला सरकते आणि त्या बाजूचा थर पातळ होतो. म्हणून जहाजावर तार पाण्याने भरलेल्या लोखंडी टाक्यांत ठेवत. सांधाही पाण्यात थंड करूनच तपासला जाई. तो वेगळ्या ठेवलेल्या कुंडात बुडवायचा, त्यातून झिरपणारी वीज साठवून मोजायची, आणि तेवढ्याच कामाच्या अखंड तारेच्या गळतीशी तुलना करायची. सांधा उतरला नाही, तर कापून नव्याने. नंतर ताग, त्यावर लोखंडी तारा दोन्हीकडून एकमेकींत गुंफून बांधायच्या, आणि मगच टोक समुद्रात सोडायचे. हे होईपर्यंत जहाज एका जागी धरून ठेवणे हीही परीक्षाच.

ही तार चालली. मात्र लंडनपर्यंत संदेश जायला पुढे तुर्की मुलखातून जमिनीवरच्या तारा होत्या. तिथे तो पुन्हापुन्हा लिहिला जाई, दिवस लागत आणि मजकूर बिघडे. म्हणूनच १८७०ची अखंड समुद्री वाट हवी होती.

इतिहासग्रंथांत ब्राइट, स्ट्युअर्ट यांची नावे ठळक आहेत. डेकवर बसून सांधा घालणाऱ्यांची नावे क्वचित येतात. आपल्या रायगडच्या किनाऱ्याला याचे नवल वाटू नये. इथल्या होड्यांवरही वायरलेस आणि जीपीएस आले, पण खाऱ्या हवेने तांब्याला हिरवा गंज चढला की सारे यंत्र मुके होते. आणि तो सांधा कोणी नीट घातला, हे बोटीवरच्या चारसहा जणांपलीकडे कोणाला ठाऊक नसते.

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबल्स तुटल्या आणि भारतातले इंटरनेट रडतखडत चालू लागले. तांब्याच्या जागी आता केसासारखी काच होती, डाखाच्या जागी विजेच्या ठिणगीने वितळवणे. उपाय मात्र तोच: जहाज तिथे न्यायचे, टोके वर ओढायची, आणि डेकवर कोणीतरी स्वच्छ हातांनी सांधा घालायचा.