लिटलपोर्टचे दोन शिलिंग

इंग्लंडातील ईलीजवळ लिटलपोर्ट हे दलदलीच्या मुलखातले गाव. सतराव्या शतकात पाणी काढून जमीन केली. मासे-पाणपक्ष्यांवर जगणाऱ्यांवर दुसऱ्याच्या शेतात राबण्याची पाळी आली. १८१६ साली धान्य कडाडले, मजुरीत पोट भरेना. २२ मे रोजी ग्लोब नावाच्या गुत्त्यात त्यांच्या परस्पर-साहाय्य मंडळाची बैठक होती. तेथूनच जमाव उठला. पाद्र्याचे घरही लुटले. हे मी लपवीत नाही. दुसऱ्या दिवशी ईलीत दंडाधिकाऱ्यांनी रोज दोन शिलिंग मजुरी कबूल केली. मग लष्कर आले. २८ जूनला पाच जण फासावर गेले. सेंट मेरी चर्चच्या भिंतीवरील शिळेत त्यांची नावे आहेत, दरोड्यांचा गुन्हा आहे, इतरांना धाक आहे. कबूल केलेल्या मजुरीचे मात्र तीत अक्षर नाही.