चोरटा शिकारी म्हणजे नेमका कोण?

ठाणे, प्रतिनिधी : येऊरच्या जंगलात तारेची फासकी सापडली की बातमीत ‘चोरटे शिकारी’ हे शब्द हमखास येतात. इंग्रजीतील ‘पोचर’चे हे मराठी रूप. मूळ शब्दाचे नाते फ्रेंच भाषेतील पिशवी या अर्थाच्या शब्दाशी सांगितले जाते. दुसऱ्याच्या रानातील सावज गुपचूप पिशवीत टाकणारा, तो पोचर. इंग्लंडमध्ये हा गुन्हा प्रामुख्याने जमीनदाराच्या हक्काविरुद्धचा होता.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीवरच बंदी घातली. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीसारखे मोजके अपवाद वगळता वैध शिकारी उरलाच नाही. तेव्हा ‘चोरटा’ हे विशेषण खरे तर अनावश्यकच! अधिनियमातील शिकारीची व्याख्याही ऐसपैस आहे. ठार मारण्याबरोबरच पकडणे, फास लावणे, विष घालणे, तसा प्रयत्न करणे, एवढेच नव्हे तर रानपक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणे हीदेखील शिकारच. फासकी बहुधा रानडुकरासाठी असते आणि तीत बिबट्या अडकतो. मात्र रानडुक्करही संरक्षित प्राणी असल्याने ‘डुकरासाठी लावली होती’ हा बचाव गुन्ह्याची कबुलीच ठरतो. बिबट्याच्या शिकारीस किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद आहे. कातडी वा नखे विकणारा तस्कर मात्र निराळा. त्याने जंगलात पाऊलही टाकलेले नसते.

‘पोचर’ला ‘पारधी’ हा प्रतिशब्द काही जण सुचवितात. तो टाळलेला बरा. पारध म्हणजे शिकार हे खरे. परंतु पारधी हे एका समाजाचे नाव आहे. त्यातील फासेपारध्यांची ओळखच फास लावण्याच्या कसबावरून पडली. ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेत पारध्यांवरही जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र सहजी पुसला गेला नाही. शोधायचा कोणी आणि संशय कोणावर, हे कित्येकदा या एका शब्दानेच ठरते.

नोकरशाहीच्या कागदांत ‘अवैध शिकार’ असते. कंपन्यांनी एकमेकांची माणसे ओढली की इंग्रजीत तेही ‘पोचिंग’. मराठीत त्याला पळवापळवी म्हणतात आणि महापालिकेत नगरसेवकांबाबत तेच घडले की फोडाफोडी. फुटबॉलमध्ये गोलजवळ दबा धरून बसणारा आघाडीवीरही पोचरच. तिथे मात्र ही शाबासकी असते.