दमट हवेतले औषध

उष्णता आणि ओलावा ही औषध बिघडण्याची दोन मोठी कारणे. कोकणात, मुंबईत किंवा बंगालमध्ये ही दोन्ही वर्षातले कित्येक महिने एकत्रच मुक्कामाला असतात. म्हणून या देशात औषध कोणत्या रूपात विकत घ्यायचे आणि घरात कुठे ठेवायचे, हे ठरवण्यात रोगाइतकाच हवेचाही हात राहिला आहे.

याची जाणीव फार जुनी आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधे साठवण्याच्या जागेचे वर्णन येते. तिचे दार पूर्वेला किंवा उत्तरेला असावे, आग, पाणी, ओल, धूर, धूळ, उंदीर आणि जनावरे यांपासून ती सुरक्षित असावी, आणि औषधांची भांडी नीट झाकून शिंक्यात टांगावीत. सुश्रुताच्या औषधघरात कापडाच्या पुरचुंड्या, मातीची भांडी, लाकडी फळ्या आणि खुंट्या आहेत. भिंतीला आणि जमिनीला औषध टेकू द्यायचे नाही, हे दोन्ही वर्णनांतले समान सूत्र. ओल तिथूनच चढते.

काळाचा हिशेब मांडला तो शार्ङ्गधराने. साधारण तेराव्या-चौदाव्या शतकातल्या त्याच्या संहितेत आजच्या भाषेत ज्याला औषधाची मुदत म्हणावे ती दिलेली आहे. अख्खी वाळलेली वनस्पती वर्षभर गुण टिकवते, चूर्ण दोन महिन्यांतच हिणावते, गोळ्या आणि अवलेह वर्षभर चालतात. आसवे, धातूंची भस्मे आणि रसौषधी मात्र जुनी झाल्यावर अधिक चांगली मानली आहेत. या क्रमामागे निरीक्षण आहे. कुटले की वनस्पतीचा हवेला लागणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, सुगंधी तेले उडून जातात आणि भुकटी ओल शोषते. आसवात आंबवण्यातून तयार झालेला मद्यार्कच द्रवाला राखतो. ताजी औषधेच वापरावीत असे सांगून शार्ङ्गधर वावडिंग, पिंपळी, गूळ, धान्य, तूप आणि मध यांना अपवाद करतो; ही जुनी झालेलीच घ्यायची.

ग्रंथ न वाचलेल्या घरांनीही हेच सूत्र पाळले. मराठी घरातली बाळगुटी हा त्याचा सर्वांत बोलका नमुना आहे. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, सुंठ, हिरडा, बेहडा, जायफळ, मायफळ, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, बदाम, खारीक. यांतली बहुतेक द्रव्ये अख्खी, टणक आणि कोरडी असतात. ती डब्यात तशीच राहतात आणि रोज सकाळी सहाणेवर दुधात किंवा पाण्यात प्रत्येकाचे ठरावीक वेढे उगाळून मात्रा तयार होते. म्हणजे औषध तयार होते ते पोटात जाण्याच्या काही मिनिटे आधी. साठवले जाते ते केवळ कच्चे द्रव्य. दमट हवेशी झगडण्याची याहून साधी आणि याहून पक्की रीत सापडणे कठीण. नंतरच्या काळात कारखान्यांनी आणि प्रयोगशाळांनी जे मोठे उपाय काढले, त्यांपैकी कित्येकांच्या मुळाशी हीच रीत आहे: कोरडे ठेवावे, लागेल तेव्हाच ओले करावे.

ही द्रव्ये काष्ठौषधींच्या दुकानातून तोळ्या-मासाच्या मापाने, कागदाच्या पुडीत बांधून येत. घरी आल्यावर त्यांना ऊन दाखवायचे, मग ती घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा तोंडाला दादरा बांधलेल्या चिनी मातीच्या बरणीत जायची. पावसाळ्याच्या बेगमीत मसाला-पापडांबरोबर सुंठ, ओवा, हिरडा यांचीही सोय पाहिली जाई.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत युरोपीय पद्धतीची औषधदुकाने आली. केम्प आणि कंपनीचे नाव तर केम्प्स कॉर्नर या चौकाला कायमचे चिकटले. या वैद्यकाची मुख्य मात्रा होती पातळ मिश्रण. दवाखान्यात कंपाउंडर ते घोटून बाटलीत भरून देई; अनेक ठिकाणी बाटली रोग्यानेच घरून आणायची असे. बाटलीच्या अंगाला डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली असे आणि वर बूच. असे पाण्यातले मिश्रण उन्हाळ्यात फार दिवस टिकणारे नव्हतेच, त्यामुळे ते दोन-तीन दिवसांपुरतेच मिळे. ताप उतरला नाही तर बाटली घेऊन पुन्हा दवाखान्यात जायचे. त्या खेपांमागे रोग्याला तपासण्याचा हेतू होता, तसा औषध ताजे ठेवण्याचाही होता.

खेड्यापाड्यात, जिथे डॉक्टर नव्हता आणि कंपाउंडरही नव्हता, तिथे पहिले खात्रीचे विकतचे औषध पोचले ते क्विनीन. १८६० च्या दशकात निलगिरीत आणि दार्जिलिंगजवळ मुंगपू येथे सिंकोनाच्या सरकारी बागा उभ्या राहिल्या. त्या सालीतून निघणारे क्विनीन १८९२ पासून बंगालमधल्या टपाल कचेऱ्यांत एका पैशाच्या पुडीत विकायला सुरुवात झाली आणि पुढे ही पद्धत इतर प्रांतांतही गेली. या योजनेचे मोल औषधाइतकेच तिच्या मांडणीत होते. एका वेळची मात्रा मोजून बंद केलेली, किंमत ठरलेली, आणि विकणारा पोस्टमास्तर. पुडी फोडून त्यात पीठ मिसळण्यात त्याचा काही फायदा नव्हता. हिवतापाने पोखरलेल्या देशाच्या मानाने पुरवठा तोकडाच राहिला, पण बंद पुडीवर विश्वास ठेवण्याची सवय इथून रुजली.

दरम्यान भुकटीला दाबून गोळी करण्याचे तंत्र आले होते. विल्यम ब्रॉकडन याने १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि बरोज वेलकम कंपनीने १८८४ पासून ‘टॅब्लॉइड’ या नावाने गोळ्यांचा प्रसार केला. उष्ण प्रदेशांत जाणाऱ्या प्रवाशांच्या व लष्कराच्या औषधपेट्या अशा गोळ्यांनी भरू लागल्या. बाटली फुटते, द्रव सांडतो, चूर्ण गोळा होते. गोळीला यांतले काहीच होत नाही.

देशी औषधांनीही याच सुमारास कारखान्याची वाट धरली. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये पनवेल येथे धूतपापेश्वर सुरू केले. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन काढले. १९१० मध्ये मुंबईतच झंडू फार्मास्युटिकल वर्क्सची स्थापना झाली. टपालखात्याची व्ही.पी. पद्धत १८७७ मध्ये सुरू झालेली होती, त्यामुळे वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून गावातला माणूस पोस्टातून औषध मागवू शकत होता. घरच्या फडताळात आता सहाणेशेजारी बामची बाटली आणि आसवाची शिशी आली.

बाजार वाढला तशी भेसळही वाढली. १९३० मध्ये नेमलेल्या कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या चौकशी समितीने पुढच्याच वर्षी अहवाल दिला आणि निकृष्ट व बनावट औषधांचे चित्र समोर ठेवले. कायदा व्हायला मात्र १९४० साल उजाडले, आणि नियम आले १९४५ मध्ये. वेष्टनावर बॅच क्रमांक, ठरावीक औषधांना वापराची मुदत, आणि कोणते औषध किती थंडाव्यात ठेवायचे याची व्याख्या या नियमांमुळे रोजच्या व्यवहारात आली. ‘थंड जागा’ म्हणजे १० ते २५ अंश सेल्सिअस. नागपूरच्या मे महिन्यात घरातला कोणताही कोपरा या व्याख्येत बसत नाही, हे वास्तव तेव्हाही होते. मुदतीचा प्रश्न केवळ गुण कमी होण्याचा नाही, हे १९६३ मध्ये स्पष्ट झाले: बिघडलेले जुने टेट्रासायक्लिन घेतलेल्या अमेरिकेतल्या रोग्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले. उष्णता आणि ओलावा या द्रव्याचे असेच विघटन घडवतात.

पेनिसिलिनने जुनी रीत नव्या रूपात परत आणली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. पाण्यात मिसळलेले पेनिसिलिन फार टिकत नाही, म्हणून कुपीत कोरडी पांढरी भुकटी असते आणि सुई टोचण्याआधी तिच्यात शुद्ध पाणी घालतात. लहान मुलांचे अँटिबायोटिकचे सिरपही बहुधा असेच मिळते: बाटलीत भुकटी, खुणेपर्यंत उकळून गार केलेले पाणी घालायचे, आणि अमॉक्सिसिलिन असेल तर साधारण आठवड्यात संपवायचे.

याच रीतीचे सर्वांत मोठे यश म्हणजे क्षारसंजीवनी. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांच्या चमूने मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा कलकत्त्यात तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद केला आणि छावणीत पाण्यात कालवून रोग्यांना पाजला. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर उतरले. पुढे जगभर पाकिटे वाटली जाऊ लागल्यावर दमट हवेने पुन्हा अडवले. सोड्यामुळे पाकिटातले मिश्रण तपकिरी पडत असे आणि त्याचे गठ्ठे होत. १९८४ च्या सुमारास सोड्याऐवजी ट्रायसोडियम सायट्रेट आले ते मुख्यतः पाकीट टिकावे म्हणून.

गोळ्यांच्या बाबतीत अॅल्युमिनियमच्या पट्टीने प्रश्न बराच सोडवला. ओलाव्याने अॅस्पिरिनचे सॅलिसिलिक आणि अॅसेटिक आम्लांत विघटन होते. उघड्या बाटलीतल्या जुन्या गोळ्यांना शिरक्याचा वास येतो तो त्यामुळेच. पट्टीत प्रत्येक गोळी स्वतंत्र बंद असल्याने एक काढली तरी बाकीच्यांना हवा लागत नाही. सुटी विक्रीही त्यामुळे सोपी झाली. दोनच गोळ्या परवडणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार पट्टी कात्रीने कापून देतो; मुदत आणि बॅच छापलेले टोक शेवटपर्यंत दुकानात राखायचे, हा चांगल्या दुकानाचा शिरस्ता आहे. गिऱ्हाइकाच्या घरी गेलेल्या तुकड्यावर मात्र पुष्कळदा तारीख नसते.

औषधे किती टिकतात याच्या चाचण्यांतही हवेचा विचार उशिरा आला. युरोप-अमेरिकेसाठी २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता हा निकष होता. अतिउष्ण, दमट देशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने पुढे ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेचा निकष दिला. इन्सुलिनसारख्या औषधांना तोही पुरत नाही. त्यांचा साठा २ ते ८ अंशांतच ठेवावा लागतो. फ्रीज नसलेल्या घरांत वापरातली कुपी ओल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशी ठेवतात. बाष्पीभवनाने मडक्यातले तापमान बाहेरच्यापेक्षा काही अंश खाली राहते आणि काही आठवड्यांच्या वापराला तेवढे बहुतेक पुरते. कोरड्या विदर्भात हा उपाय जितका चालतो तितका कोकणात चालत नाही, कारण तिथल्या दमट हवेत मडक्याचे पाणी फारसे उडत नाही.