तारीख आणि आइतवार

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या अनसिंगच्या घरात माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरते. पेटीत दागिने नाहीत, कागद आहेत. वाटणीपत्रे, पावत्या, जुने उतारे. त्यांना वर्षातून एकदा ऊन दाखवावयाचे, कसर झटकावयाची आणि पुन्हा फडक्यात बांधून ठेवावयाचे, हा वडिलांचा नेम मी अजून चालवितो. यंदा त्या कागदांत माझाच एक अर्ज हाती लागला आणि तो वाचताना माझी मलाच लाज वाटली.

वडील गेले तेव्हा मी नुकताच पदवी घेऊन गावी आलो होतो. डोक्यात भाषाशुद्धीचे वारे. शेतावर आईचे आणि माझे नाव लावून घ्यावयाचे होते, आणि लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. मी जे लिहिले तो अर्ज नव्हताच. ते ‘विनंतिपत्र’ होते. त्यात ‘मयत’ नव्हते, ‘दिवंगत’ होते. ‘वारस’ नव्हते, ‘उत्तराधिकारी’ होते. ‘हिस्सा’ जाऊन ‘अंश’ आला होता आणि ‘मौजे अनसिंग’चे ‘ग्राम अनसिंग’ झाले होते. कचेरीतल्या कारकुनाने ते दोनदा वाचले व ‘वारसाचा अर्ज आणा’ म्हणून परत केले. मी हट्टाने तेच पुन्हा नेले. या मानापमानात मृगाचा पाऊस पडून गेला. शेत आमच्या नावावर नाही म्हणून पेरणीचे कर्ज मिळेना. शेवटी आईने हातातल्या पाटल्या गहाण टाकून बियाणे आणले. ती एवढेच म्हणाली, “साह्यबाले समजन असं लिहायचं होतं ना रे बाप्पा!”

पुढे मी त्या शब्दांच्या मागे लागलो तो या टोचणीमुळेच.

ज्यांना मी परके म्हणून हाकलून देत होतो ते सारे शब्द मूळचे अरबी. अर्ज, वारस, मयत, हिस्सा, मौजा, हक्क, मालक, कब्जा, दाखला, नक्कल. अरबांनी ते वऱ्हाडात आणले नाहीत; फारशीच्या पाठीवर बसून ते आले. बहमनी, इमादशाही, मोगलाई, मग निजामाचा अंमल, अशी शतकानुशतके आमच्या शेतांची मोजणी आणि वसुली त्या शब्दांत झाली. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे आले. साहेब बदलला, पण कागदावरचे शब्द बदलण्याच्या भानगडीत तो पडला नाही. १९०५ साली आमचा वाशीम जिल्हा मोडून अकोल्याला जोडला. तो १९९८ साली परत मिळाला. त्र्याण्णव वर्षे जिल्हा नव्हता, पण ‘जिल्हा’ हा अरबी शब्द मात्र जागचा हलला नाही.

अरबीची घडण मोठी चमत्कारिक आहे. तीन व्यंजने घ्यावयाची आणि त्यांच्यात स्वर भरून, पुढे-मागे अक्षरे जोडून शब्दांचे घराणे उभे करावयाचे. ह, स, ल ही तीन घ्या. अर्थ, हाती येणे. हाती आले ते ‘हासील’. ‘रडून काय हशील’ म्हणतो ते हेच. हाती आणण्याचे काम ती ‘तहसील’, आणि जे हाती यावयाचे तो ‘महसूल’. तहसीलदार महसूल गोळा करतो यात एकाच आजोबाची दोन नातवंडे भेटतात. ज, म, अ या त्रिकुटातून जमा, जमात, जुम्मा निघाले, आणि ‘मजमू’वरून आमचे मुजुमदार. खुद्द शेतकऱ्याचे वर्ष घ्या ना! ‘खरीफ’ म्हणजे अरबीत शरद आणि ‘रबी’ म्हणजे वसंत. आमची तूर आणि आमचा हरभरा अरबी ऋतूंत उगवतात. ‘मशागत’सुद्धा तिकडची, मूळ ‘मशक्कत’, म्हणजे कष्ट.

या शब्दांना घालवून देण्याचा उद्योग करणारा मी पहिला नव्हतो. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध करविला. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. त्यामागे नव्या सिंहासनाचा मान होता, आणि तो हवाच होता. तरी पुढल्या शतकात पुण्यात जे गादीवर बसले त्यांना सारे जग पेशवे म्हणूनच ओळखते. सावरकरांचा ‘दिनांक’ रुजला, ‘महापौर’ रुजला. ‘वारस’ काही हलला नाही. कोणता शब्द राहील नि कोणता जाईल हे कोशकाराच्या हाती फारसे नसते, असे माझे मत झाले आहे.

आता लाओसकडे वळतो. कुठे अनसिंग आणि कुठे मेकाँग नदी! पण वाट आमच्या गावातूनच गेली. १९५६ साली नागपुरास धम्मदीक्षा झाली तेव्हापासून विदर्भाच्या गावोगावी वर्षावास पाळतात. आषाढी पौर्णिमेस सुरू, आश्विनी पौर्णिमेस समाप्त. एका समाप्तीला आलेल्या भंतेंनी प्रवचनात सांगितले की लाओसमध्येही याच पौर्णिमेला वर्षावास संपतो आणि लोक केळीच्या सोपाच्या, बांबूच्या होड्यांत दिवे लावून नदीत सोडतात. त्या सणाचे नाव ‘ओक फन्सा’. ‘ओक’ म्हणजे बाहेर पडणे, आणि ‘फन्सा’ म्हणजे आपली वर्षा! मी त्या रात्री जेवताना तेच बोलत होतो.

लाओ भाषा म्हणजे अरबीचे दुसरे टोक. तिथे मूळ शब्द बहुधा एका अक्षराचा. त्याला ना वचन, ना काळ, ना प्रत्यय. सारा भार सुरावर. ‘मा’ एका सुरात म्हटले तर ‘येणे’, दुसऱ्यात ‘कुत्रा’, तिसऱ्यात ‘घोडा’. आमच्या पुतण्याने हे ऐकल्यापासून घरात कुत्र्याघोड्यांचा सुळसुळाट झाला आहे. अशा भाषेच्या घरात संस्कृत-पालीचे लांबलचक पाहुणे शिरले, ते अंग चोरून. गुरूचा ‘खू’ झाला, आचार्याचा ‘आचान’, नगराचे ‘नखॉन’, धातूचे ‘थात’. ‘वेला’ म्हणजे वेळ. राजा सेट्ठाथिरात म्हणजे श्रेष्ठाधिराज. त्याने १५६६ साली व्हिएन्तियानला ‘थात लुआंग’ हा महास्तूप उभारविला. सावन्नाखेत या शहराच्या नावात स्वर्ग आहे आणि क्षेत्रही आहे. तिथल्या रामायणाच्या नावात लक्ष्मण आधी येतो आणि राम मागून: ‘फ्रा लाक फ्रा लाम’.

आणि वार! आथित, चान, आंखान, फुत, फहात, सुक, साओ. आंखान म्हणजे अंगारक, आपल्या अंगारकी चतुर्थीतला मंगळ. फहात म्हणजे बृहस्पती. आमची आजी रविवार, गुरुवार कधी म्हणालीच नाही. तिचा आइतवार असे आणि बेस्तरवार असे. आदित्याचा तिने आइत केला, लाओ बाईने आथित. अरबीत पाहाल तर अहद, इस्नैन असे पाच वार नुसते मोजलेले, मग जमण्याचा जुमा आणि शेवटी सब्त. ग्रहांचे नाव नाही. म्हणजे आमच्या घरात शेत अरबीत पिके आणि आठवडा लाओसच्या जोडीने चाले.

हे शब्द तिकडे फौजफाट्याने गेले नाहीत. व्यापारी, ब्राह्मण, भिक्खू यांच्याबरोबर, पुष्कळसे ख्मेर मुलखातून फिरत गेले. दक्षिण लाओसात वाट फू जवळ पाचव्या शतकातला देवानीक राजाचा संस्कृत शिलालेख आहे. त्याने तिथे एक नवे कुरुक्षेत्र वसविले. लाओ बोलणारे लोक त्या भागात पुष्कळ पुढे आले, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण त्याच शतकात आमचे वाशीम वत्सगुल्म या नावाने वाकाटकांची राजधानी होती. १९३९ साली सापडलेला वाशीमचा ताम्रपट त्याहून आधीचा, दुसऱ्या विंध्यशक्तीचा. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे, आणि गाव कोणते दिले, कोणते कर माफ केले, हा व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. दरबारी ऐट एका भाषेत, शेताचा मामला दुसऱ्या भाषेत. तो राजा माझ्याहून शहाणा म्हणावयाचा.

लाओसातही शुद्धीचे दिवस आले. १९७५ साली राजेशाही गेली. नव्या राज्यकर्त्यांनी वर्णमालेतून ‘र’चे एक अक्षरच काढून टाकले आणि राजदरबारी बोलण्याला रजा दिली. पण त्यांच्या चळवळीचेच नाव होते ‘पाथेत लाओ’, आणि पाथेत म्हणजे आपला प्रदेश! उद्या एखादा लाओ पदवीधर ‘वेला’ आणि ‘खू’ परके म्हणून टाकू लागला तर मला वाईट वाटेल. मग अरबी ‘वारसा’वर मी कोणत्या तोंडाने रागावू?

हे सारे पुतण्याला सांगून मी कागद बांधू लागलो, तर तो म्हणाला, “काका, हा अर्ज फेकून द्यायचा ना?” मी तो उलटा करून पाहिला. मागच्या कोऱ्या बाजूवर आईने पेन्सिलीने हिशेब मांडला होता. मुद्दल किती, व्याज किती, पाटल्या कधी सोडविल्या. वर तिच्या अक्षरात ‘तारीख’ असे लिहून पुढे आकडे होते, आणि त्याखाली वार: आइतवार.

अर्ज पुन्हा पेटीत ठेवला.