आपला 'टेंपो', त्याचं इंजिन आणि मिस्त्रीच्या हातातला इतिहास

मार्केट यार्डात कांदा घेऊन उभी असलेली गाडी कुठल्याही कंपनीची असो, आपल्याकडं तिला एकच नाव. टेंपो! "टेंपो भरला का?" "टेंपोचं भाडं किती झालं?" हा शब्द इतका मराठी झालाय की तो एका जर्मन कंपनीचं नाव होतं हे सांगूनही पटत नाही. आपले छोटे मालवाहू टेंपो-पिकअप आणि त्यांची सतत बदलत गेलेली इंजिनं, यांचा इतिहास कुठं फारसा लिहिलेला सापडत नाही. म्हणून आज थोडं सविस्तर लिहितोय. वेळ काढून वाचा.

हॅम्बुर्गच्या विडाल अँड सोन कंपनीच्या गाड्यांचं नाव 'टेंपो'. तिच्याशी करार करून १९५८ साली एन. के. फिरोदियांनी बजाज टेंपो सुरू केली, आधी मुंबईत गोरेगावला, पुढं पुण्याजवळ आकुर्डीला. पहिली गाडी तीनचाकी हॅन्सिएट. पुढं एकच चाक, त्याच्यावरच टू-स्ट्रोक इंजिन, आणि चेनने तेच चाक फिरायचं. पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना तो आवाज आणि तो निळसर धूर अजून आठवत असेल. १९६९ ला मॅटाडोर आली. आपल्या तालुक्यांतलं दूध, भाजी, वऱ्हाड आणि वेळ पडली तर पेशंटसुद्धा याच गाडीने वाहिले.

दुसरीकडं होती जीप. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. इंजिन पेट्रोलचं. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्राएल युद्ध झालं आणि काही महिन्यांत कच्चं तेल बॅरलला साधारण तीन डॉलरवरून अकराच्या पुढं गेलं. पेट्रोलची जीप पोसणं अवघड झालं. डिझेल स्वस्त होतं. मग काय करायचं?

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आज ज्याला आपण 'जुगाड' म्हणून हसतो, तो कंपनीनेच केला होता. महिंद्राची १९६३ पासून इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची भागीदारी होती. बी-२७५ ट्रॅक्टर जुन्या शेतकऱ्यांना माहीत आहे. सत्तरच्या दशकात त्याच घराण्याचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसलं. म्हणजे शेतातलं इंजिन रस्त्यावर! १९७९ ला कंपनीने फ्रान्सच्या प्युजोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. तिकडं बजाज टेंपोने ऐंशीच्या दशकात मर्सिडीजचं ओएम-६१६ हे २.४ लिटरचं इंजिन बनवायला घेतलं. जर्मनीत जे इंजिन मर्सिडीज २४० डी कारमध्ये पळायचं, ते आपल्याकडं टोमॅटोचे क्रेट ओढायला लागलं.

हे इंजिन गॅरेजवाल्यांचं लाडकं झालं, त्याला कारण आहे. सगळा कारभार मेकॅनिकल. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. डिझेल पंप, नोझल, हिटर प्लग आणि योग्य कॉम्प्रेशन, एवढं जमलं की गाडी चालू. त्यामुळे जुनी पेट्रोल जीप घ्यायची आणि तिच्यात मॅटाडोरचं इंजिन बसवायचं, हा गावोगावच्या गॅरेजांचा धंदाच झाला.

वाटतं तेवढं ते सोपं नव्हतं. इंजिन आणि गिअरबॉक्सची भोकं जुळत नाहीत, म्हणून मधली प्लेट लेथवर बनवून घ्यायची. ती केसभर जरी वाकडी बसली तरी क्लच आणि बेअरिंग खाणार. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एखादा पाटा वाढवायचा. डिझेल कमी फेऱ्यांवर चालतं, म्हणून जुन्या क्राउन-पिनियनवर गाडी ओढते जोरात पण पळत नाही. मग दातांचं गणित बदलायचं. बॅटरी मोठी लागते, रेडिएटर मोठा लागतो. हे सगळं करणाऱ्या मिस्त्रीने कॉलेजचं तोंड पाहिलेलं नसायचं.

आमच्या गावात असे एक मिस्त्री आहेत, सत्तरीच्या आसपासचे. धुराचा विषय काढला तर म्हणाले, "दादा, धूर दिसला की लोक इंजिन खोलायला सांगतात. आधी एअर फिल्टर बघा, मग नोझल. पंपाचं सेटिंग वाढवून ताकद मागायची आणि वर धूर येतो म्हणून बोंबलायचं, हे कसं चालेल?" शंभर टक्के खरं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. निळा धूर असेल तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हचं काम.

पण एकच बाजू सांगणं बरं नाही. इंजिन बदललं, ब्रेक मात्र जुनेच ठेवले, अशा गाड्या आपण घाटात पाहिल्यात. चारही चाकांना जुने ड्रम, बूस्टर नाही, आणि माल दीडपट. अशा गाडीमागं दुचाकीवर जाणाऱ्याचाही जीव आहेच की. यार्डातले हमाल दिवसभर तो धूर खातात, त्यांचं काय?

कायदाही बदललाय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आधी परवानगी घेऊन बदल करता यायचा. २००० च्या दुरुस्तीने कलम ५२ कडक झालं. उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. इंधन बदलण्यासाठी मंजूर किटची वाट तेवढी ठेवली आहे. म्हणून ज्यांच्याकडं जुनी गाडी आहे त्यांना हात जोडून सांगतो: आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळतो का, आजच बघा. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवू शकते.

आता स्क्रॅप धोरण आलंय, फिटनेस तपासणी मशीनवर जातेय. माझा त्याला विरोध नाही. ब्रेक आणि धूर मशीनने मोजावेत, ओळखीने नको. पण मोजून पास होणाऱ्या जुन्या गाडीला केवळ वयाकडं बघून भंगार ठरवू नये. एका पिकअपवर घर चालवणाऱ्याला नव्या गाडीचा हप्ता म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

आणि या मिस्त्रींचं काय? ज्यांनी चार देशांची इंजिनं एकाच शेडमध्ये जुळवली, त्यांचं ज्ञान त्यांच्याबरोबरच जाणार का? आपल्या आयटीआयने त्यांना महिन्यातून दोन दिवस तरी मुलांपुढं उभं करावं. मंजूर किट बसवायचं प्रशिक्षण आधी त्यांनाच द्यावं. हात तयार आहेत, कागद तेवढा हवा.

तुमच्या घरी मॅटाडोर, हॅन्सिएट किंवा इंजिन बदललेली जीप होती का? जुना फोटो असेल तर खाली टाका. मिस्त्रीचं नाव टाकताना त्यांना विचारून टाका. आपला इतिहास आपणच लिहून ठेवू.