शिवारातला प्रबंध

विद्वत्ता ग्रंथात शोभते हे खरे. पण वऱ्हाडात तिला शिवारातही उभे राहावे लागले. पापळचे पंजाबराव देशमुख विलायतेत वैदिक वाङ्मयावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले आणि १९३२ साली त्यांनी अमरावतीस शिवाजी शिक्षण संस्था काढली. पुढे ते केंद्रात कृषिमंत्री असता, १९५९ मध्ये दिल्लीस जागतिक कृषिप्रदर्शन भरले. अक्षरओळख नसलेल्यालाही डोळ्यांनी शिकता येते, हे त्यातले मर्म मला वाटते. १९६५ साली ते गेले. १९६९ साली अकोल्यास कृषिविद्यापीठ झाले, त्याला आज त्यांचेच नाव आहे. तेथील शिवारफेरीत संशोधक आपले वाण उभ्या पिकातच दाखवतात. शेतकऱ्याने बोंड चाचपून “अन् पानी नाई आलं त?” असे विचारले, की विद्वानाला उत्तर द्यावेच लागते. प्रबंधाची खरी परीक्षा मी हीच मानतो. कारण या परीक्षकाचे वर्षभराचे पोट त्या उत्तरावर अवलंबून असते.